मीटिंगमध्ये कोण बोलतं?

[दृश्य: लोअर परळ. काचेच्या भिंतींची मीटिंग रूम, सोमवार सकाळ.]

टेबलाभोवती आठ जण आहेत. वीस मिनिटं झाली, त्यातली बारा एकच जण बोलतोय. तो नेमकं काय म्हणाला, हे बाहेर पडल्यावर कोणाला धड सांगता येणार नाही. तरी टीम लीडची जागा रिकामी झाली की पहिलं नाव त्याचंच निघेल. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते उगाच नाही. नेता न नेमलेल्या गटांवर प्रयोग झाले, त्यांतही जो जास्त वेळ बोलला त्यालाच लोकांनी नेता मानलं. तो काय बोलला, याचा प्रश्न फारसा आलाच नाही.

[दृश्य: वहीचं पान, जवळून.]

कोपऱ्यातली मुलगी एका तारखेभोवती तिसऱ्यांदा गोल काढतेय. माल येणार १४ तारखेला आणि क्लायंटला कबूल केलीय १२ तारीख. हे फक्त तिच्या लक्षात आलंय, पण ती अजून एक शब्द बोललेली नाही.

हा स्वभावाचा भाग, असं आपण म्हणतो. स्वभाव मोजायचे प्रयत्न जुने आहेत. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. पुढच्या काही दशकांत अशा शब्दांची चाळणी होत होत पाच गुण उरले: बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, नव्याची ओढ, मनमिळाऊपणा आणि मनाची अस्थिरता.

२००२ साली टिमोथी जज हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हे गुण नेतृत्वाशी ताडून पाहिले. बहिर्मुखतेचा सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने चालतात त्याचा आकडा; ० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पक्कं) ०.३१ निघाला, कर्तव्यदक्षतेचा ०.२८, मनमिळाऊपणाचा जेमतेम ०.०८. ०.३१ ऐकायला बरा वाटतो, पण त्याचा वर्ग करा: माणसामाणसातला दहाएक टक्के फरक उलगडतो, बाकीचा नाही. खरी गंमत पुढे आहे. नेता म्हणून नजरेत भरणं वेगळं आणि नेता म्हणून काम निभावणं वेगळं. पहिल्यासाठी बहिर्मुखतेचा आकडा ०.३३, दुसऱ्यासाठी ०.२४. कर्तव्यदक्षता तर ०.३३ वरून ०.१६ वर येते. जो स्वतःचं काम चोख करतो, त्याला दुसऱ्याकडून ते करून घेता येईलच असं नाही. असा साहेब प्रत्येक ईमेल स्वतः तपासत बसतो आणि रात्री नऊपर्यंत सगळ्या फायली त्याच्याच टेबलावर अडकतात.

[दृश्य: चर्चगेट स्टेशनबाहेरचा फुटपाथ. डबे वेगळे होताहेत.]

डबेवाल्यांचं कौतुक मॅनेजमेंटच्या वर्गांत इतकं झालंय की आणखी करायची गरज नाही. इथे ते वेगळ्या कारणासाठी आलेत. झाकणावर रंगवलेल्या खुणेत उतरायचं स्टेशन, इमारत, मजला, सगळं आहे. लोकल थांबत नाही आणि जेवणाची वेळही सरकत नाही. डबा उचलणारा बडबड्या असो की मुखदुर्बळ, डबा पोचतो एकाच वेळी. परिस्थितीचा जोर असला की स्वभाव मागे पडतो. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ पासून ज्या मुद्द्यावर वाद घातला, त्याचं हे रस्त्यावरचं रूप.

लोअर परळच्या त्या खोलीत मात्र अशी खूण कुठेच नाही. 'कोणाला काही बोलायचंय?' इतकाच नियम. अशा मोकळ्या जागेत स्वभावाचं राज्य चालतं.

मग ही मोकळी जागा थोडी आवळता येते. आधी पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची: या आठवड्यात काय फसू शकतं? चिठ्ठ्या नाव न घेता वाचायच्या. मग सगळ्यात ज्युनियरपासून सुरुवात, साहेब शेवटी. हे फसतं ते बहुधा एकाच ठिकाणी. तिसऱ्या चिठ्ठीला साहेबांच्या कपाळावर आठी पडते आणि पुढच्या सोमवारी सगळ्या चिठ्ठ्यांवर 'सगळं ओके' येतं.

गप्प साहेबांनी मात्र स्वतःला बदलायची घाई करू नये. २०११ साली ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची ५७ दुकानं तपासली. सांगेल तेवढंच करणारी माणसं असली तर बोलक्या मॅनेजरचा नफा जास्त होता. माणसं स्वतःहून सुचवणारी असली, तर त्याच बोलक्या मॅनेजरचा कमी.

लीड निवडताना सोळा प्रकारांत माणसं बसवणाऱ्या चाचण्या वापरू नयेत. दोन प्रकारांमधल्या रेषेजवळचा माणूस काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी देतो, तेव्हा बरेचदा दुसऱ्याच खणात पडलेला असतो. त्यापेक्षा सर्व उमेदवारांना तेच पाच-सहा प्रश्न त्याच क्रमाने विचारा: 'सहकाऱ्याची चूक तुम्ही शेवटची केव्हा दाखवलीत? कोणत्या शब्दांत?' प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. एक म्हणजे काय आणि पाच म्हणजे काय, ते आधीच कागदावर हवं. दोन परीक्षकांनी गुण आपापले लिहायचे, चर्चा नंतर. नाहीतर जास्त बोलणाऱ्या परीक्षकाचेच गुण दोघांचे होतात.

[दृश्य: मीटिंग रूम, पुढचा सोमवार. घड्या घातलेल्या आठ चिठ्ठ्या.]

पाचवी चिठ्ठी उघडते. 'या खेपेलाही माल दोन दिवस उशिरा येतोय. १२ की १४?' अक्षर कोणाचं, हे कोणी विचारत नाही. साहेब फोन उचलतात.