साइट बंद पडते, फाइल फिरत राहते

टॉरेंटची, म्हणजे लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइली उतरवून घेण्याची, एखादी मोठी साइट बंद पडल्याची बातमी येते आणि थोड्याच दिवसांत ती दुसऱ्या पत्त्यावर हजर असते. स्वीडनच्या पोलिसांनी ३१ मे २००६ रोजी 'द पायरेट बे' या चोरीच्या फाइलींसाठी गाजलेल्या टॉरेंट साइटवर छापा घालून सर्व्हर उचलून नेले; तीन दिवसांत साइट परत सुरू! २००९ मध्ये चालकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तरी ती चालूच राहिली. चालकांचा चिवटपणा आहेच, पण खरी गोम रचनेत आहे.

गाण्यांची देवाणघेवाण करणारं १९९९ चं नॅपस्टर आठवा. गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. कोर्टकचेरीत २००१ साली तो सर्व्हर थांबला आणि सगळा कारभारच आटोपला. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरेंट आणलं. इथे फाइलचे तुकडे होतात आणि हाती आलेला तुकडा प्रत्येकाचा संगणक पुढे देत राहतो. २०१२ मध्ये पायरेट बेनं बहुतेक टॉरेंट फाइलीही (तुकड्यांची माहिती असलेल्या छोट्या फाइली) काढून टाकल्या आणि मॅग्नेट लिंक ठेवल्या. म्हणजे काय, तर ४० अक्षरी हॅश, फाइलीच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा. तो घेऊन तुमचं सॉफ्टवेअर इतर संगणकांना विचारत सुटतं, 'हे कुणाकडे आहे?' तेव्हाच्या अशा १६ लाखांवर लिंकांची प्रत कुणीतरी काढली, ती झिप करून जेमतेम ९० एमबी भरली. एवढीशी गोष्ट जप्त करून करून किती करणार?

पण मधे कुणी नाही, म्हणजे जबाबदारही कुणी नाही. लोक म्हणतात, हॅश जुळला, फाइल बरोबर आहे. अहो, हॅश एवढंच सांगतो की टाकणाऱ्यानं जे टाकलं तेच तुम्हाला मिळालं. त्यानं व्हायरस टाकला असेल, तर तोही अगदी तंतोतंत मिळतो! मूळ साइट बंद असताना उगवणाऱ्या नकली साइटींचं तर विचारूच नका. आणि खुद्द मूळ साइट तरी काय? २०१७ मध्ये पायरेट बेनंच साइटवर आलेल्यांना न विचारता त्यांच्या प्रोसेसरवर क्रिप्टोचलनाचं मायनिंग, म्हणजे गणितं करून डिजिटल चलन कमावणं, चालवलं होतं.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. डाउनलोड चालू असताना तुम्ही अपलोडही करत असता. म्हणजे कायद्याच्या नजरेत नुसते घेणारे नाही, वाटणारे ठरू शकता. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, ती फाइल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या घोळक्यातल्या प्रत्येकाला दिसतो. कॉपीराइटच्या हक्कधारकांची माणसं त्याच घोळक्यात शिरून पत्ते टिपतात. त्यासाठी हॅकिंग वगैरे काही लागत नाही.

तंत्रावर राग धरायचं मात्र कारण नाही. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीच्या कितीतरी आवृत्त्या आजही टॉरेंटनंच वाटल्या जातात. तुकडे तिथेही अनोळखी संगणकांवरूनच येतात. फरक इतकाच की हॅश त्या आवृत्तीच्या निर्मात्यांनी स्वतःच्या साइटवर दिलेला असतो.