भिंतीतले नांदरूक

(दृश्य: दगडी भिंत, तिच्यावर जाळ्यासारखी पसरलेली मुळं. कॅमेरा हळूहळू वर, फांद्यांकडे.)

हाँगकाँग बेटाचं पश्चिम टोक. केनेडी टाउनमधली फोर्ब्स स्ट्रीट. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला ही जुनी भिंत, आणि भिंतीतून उगवलेले हे नांदरूक, वडाच्या जातकुळीतले वृक्ष.

ही झाडं कुणी लावलेली नाहीत. डोंगरउतार धरून ठेवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इथे दगडी भिंती रचायला सुरुवात झाली. पाखरांनी नांदरुकाची फळं खाल्ली, विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडलं. तिथेच ते रुजलं आणि मुळं वाट काढत भिंतीमागच्या मातीपर्यंत पोचली.

(दृश्य: खोडाभोवती टेप धरलेले हात.)

हाँगकाँगनं २००४ साली जुन्या आणि मौल्यवान झाडांची नोंदवही सुरू केली. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा व्यास १ मीटर भरला, म्हणजे घेराची टेप तीन मीटरच्या थोडी पुढे गेली, की झाड नोंदीला पात्र ठरतं. शंभरी गाठलेलं, दुर्मीळ जातीचं, देखण्या घडणीचं किंवा इतिहासाशी नातं असलेलं झाडही चालतं.

कागदावर हे सोपं वाटतं. पण नांदरुकाच्या पारंब्या खोडाला चिकटून एकजीव होतात. त्यातलं खोड किती आणि पारंब्या किती? आणि झाड भिंतीतच उगवलेलं असेल, तर माप घ्यायला जमीन कुठली धरायची? इथे जाणता डोळाच लागतो.

मला खटकते ती या नोंदवहीची हद्द. भाडेपट्ट्यानं न दिलेल्या सरकारी जमिनीवरचीच झाडं तिच्यात येतात. खासगी आवारातला तेवढाच मोठा वृक्ष बाहेर राहतो.

(दृश्य: बोनहॅम रोड. वाहनांचा आवाज.)

ऑगस्ट २०१५. बोनहॅम रोडवरच्या भिंतीतले चार नांदरूक कोसळतील या धास्तीनं तोडले गेले. इतक्या वर्षांची सावली गेली, आणि लोक हळहळले.

(दृश्य: पुन्हा फोर्ब्स स्ट्रीट.)

इथे मेट्रोचं खोदकाम होणारच होतं. झाडांना कुंपण घालून भागलं नसतं, कारण त्यांचा जीव भिंतीमागच्या मातीत आहे. म्हणून केनेडी टाउन स्थानकाचा आराखडाच बदलला. २०१४च्या अखेरीस स्थानक सुरू झालं. भिंत जागेवर राहिली, माती राहिली.

(दृश्य: फांदीवर फळ टिपणारं पाखरू. निवेदन थांबतं, किलबिल चालू राहते.)