दिवा पॅडचा, दुखणं वायरचं

डॅशबोर्डवर मधे वर्तुळ, दोन्ही बाजूंना तुटक कंस. हा दिवा ब्रेक पॅडचा. उद्गारचिन्हवाला दिवा वेगळा. तो हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलच्या पातळीबद्दल बोलतो. या दोघांची गल्लत फार होते.

आज पॅडचा दिवा लागलेली गाडी आहे पोर्शे बॉक्स्टर, ९८६ पिढीतली. ही पिढी १९९६ ते २००४ या काळात बनली, म्हणजे त्यातल्या सगळ्यात तरुण गाडीनेही आता विशी ओलांडलीय.

गाडी स्टँडवर, चाक बाहेर. हा चार पिस्टनचा कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा. त्याच्या खिडकीतून पॅड सरळ दिसतात, काही खोलावं लागत नाही. नव्या पॅडचं अस्तर, म्हणजे घासून झिजणारा थर, साधारण १० ते १२ मिलिमीटर. ते २-३ मिलिमीटरवर आलं की दिवा लागावा. इथे तर निम्म्याहून जास्त माल शिल्लक आहे. आतला पॅडही बघून घेतला, तोही ठीक.

मग दिवा कशाचा?

पॅडमध्ये खोचलेलं हे प्लास्टिकचं बोंडूक बघा, हाच सेन्सर. आत तांब्याची तार वळसा घेऊन परत फिरते. पॅड झिजत आला की फिरती डिस्क आधी प्लास्टिक खरवडते, मग तार कापते. सर्किट तुटलं की दिवा लागतो. बस, एवढीच अक्कल आहे त्याला. तार डिस्कने कापली की आणखी कुठे तुटली, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

चारही चाकांच्या तारा एकामागे एक जोडलेल्या. कुठेही तुटलं तरी दिवा तोच. म्हणून एकेका चाकाचा प्लग सोडवायचा, गाडीकडच्या दोन पिनांमध्ये वायरचा तुकडा लावायचा, किल्ली बंद करून पुन्हा चालू करायची. दिवा विझला तर चोर याच चाकात. नाही विझला तर तुकडा तसाच ठेवून पुढचं चाक, कारण चोर दोनही असू शकतात.

पुढच्या उजव्या चाकाशी दिवा विझला. आता सेन्सर मल्टिमीटरवर. बीप येतोय, म्हणजे तार जोडलेली. वायर जरा वाकवा... गेला. सरळ करा, आला. बाहेरून आवरण धड, आत तांबं तुटलेलं. स्टिअरिंगबरोबर वळणारी वायर ही. इतकी वर्षं वाकत आली. आणि प्लगच्या पिनांवर हा हिरवा गंज.

काहीजण इथे सेन्सर कापून टाकतात आणि गाडीकडची दोन टोकं पिळून टेप मारतात. दिवा कायमचा गप्प! आपण तपासायला लावलेला तुकडा हेच करत होता, पण तो काढायचा असतो. पॅड संपून त्याच्या पाठचा पत्रा घासला की डिस्क जाते, ब्रेक लागायचे ते लागत नाहीत. असो, नवा सेन्सर बघू.

आडवी पिन काढली की पॅड वरून निघतात. सेन्सर खाचेत दाबून बसवायचा. वायर जुन्याच वाटेने, एकही क्लिप न चुकवता. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, कुठे ताण येतोय का. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेत, म्हणून पहिले काही दाब पोकळच जातील. पेडल कडक होईपर्यंत दाबायचं आणि मगच गाडी जागची हलवायची.