बरं दिसणं आणि बरं होणं

मंडळी, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाविषयी आज बोलायचं आहे. १९४७ साली बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. काचपट्ट्या तपासायच्या, शवविच्छेदन करायचं, हे त्यांचं काम. ल्युकेमिया, म्हणजे हाच रक्ताचा कर्करोग, झालेलं मूल त्या काळी काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. रक्त चढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं.

फार्बर यांनी पुढे यावर जे औषध वापरलं, त्याची पाळंमुळं आपल्या मुंबईपर्यंत येतात. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का आटतं, याचा त्यांनी शोध घेतला. यीस्टच्या अर्काने त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईला ज्या लाल गोळ्या देतात, त्यांत लोहाबरोबर तेच असतं. पुढे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी हे द्रव्य तयार करू लागले. फार्बर यांनी त्याच जातीचं द्रव्य ल्युकेमियाच्या मुलांना दिलं, तर आजार उलट भडकला. त्यावरून त्यांनी ताडलं की या पेशींना फोलिक ॲसिड हवंच आहे, तर तेच तोडलं पाहिजे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने फोलिक ॲसिडची वाट अडवणारं ॲमिनोप्टेरिन बनवून दिलं.

जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध छापून आला. १६ मुलांना औषध दिलं, त्यातल्या १० जणांत सुधारणा दिसली. अंथरुणाला खिळलेली मुलं चालू-खेळू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. आपल्याकडच्या शाळांत त्यांचं नाव अजून पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण ती सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत आजार परतला. कपाशीची एक निंदणी झाली म्हणून तण संपत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. १९६२ साली अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालय उघडलं. तिथले डोनाल्ड पिंकेल यांनी एकाच वेळी अनेक औषधं वापरली. मेंदूभोवतीच्या पाण्यात औषध नीट पोचत नाही आणि आजार तिथे दडून बसतो, म्हणून तिथेही औषध आणि किरणांचे उपचार केले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल ठणठणीत दिसत असताना पुढची दोन-तीन वर्षं औषध चालू ठेवलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्याकडची जवळपास निम्मी मुलं कायमची बरी होऊ लागली. मेंदूला दिलेल्या किरणांनी मुलांचं नुकसान होतं हे कळल्यावर पुढे बहुतेक ठिकाणी ते किरणही सोडले गेले. आज श्रीमंत देशांत १० पैकी ९ मुलं वाचतात, तीही मुख्यतः जुन्याच औषधांवर. त्यातलं व्हिन्क्रिस्टीन आपल्या दारातल्या सदाफुलीपासून मिळतं. म्हणून कोणी सदाफुलीची पानं मुलाला चावायला देऊ नका, ती विषारी आहेत.

आता आपल्या खानदेशाकडे येतो. मूल पांढरंफटक पडतं, ताप उतरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर जांभळे ठिपके दिसतात, पाय दुखतो म्हणून ते लंगडतं. आपण मलेरिया समजतो, टायफॉइड समजतो. नंदुरबारकडे, सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथे हाडाचं दुखणं त्याच्या खात्यावर जातं. अशा वेळी रक्ताची तपासणी आणि काचपट्टी झाल्याशिवाय स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ नये. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशीही काही काळ दबतात, मूल बरं वाटतं आणि निदान लांबतं.

दुसरं, पहिल्या महिन्यानंतरचं. मुंबईला टाटात उपचार सुरू होतात, केस जातात, पुन्हा येतात, मूल जेवायला लागतं. घरचे म्हणतात, ‘पोऱ्या आते बरा शे.’ इकडे कापूस वेचणीला आलेला असतो, दुसरं लेकरू आजीपाशी, मजुरी बुडते. मी त्या आईबापांना दोष देणार नाही. मुलगी असेल तर उपचार लवकर सुटतो, त्याला मात्र मी दोष देतो. फार्बर यांची मुलंही महिनाभरात अशीच बरी दिसली होती. रोजची मर्कॅप्टोप्युरिनची गोळी आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट, हा दोन वर्षांचा कंटाळवाणा भागच आजार परतू देत नाही. महात्मा फुले योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, रेल्वे भाड्यात सवलत आहे. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीबद्दल लाजू नका, विचारा.

आणि उपचार चालू असताना मुलाला ताप आला, तर भुसावळहून मुंबईची गाडी कधी आहे ते पाहत बसू नका. या मुलांत पांढऱ्या पेशी कमी असतात, काही तासांत जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. त्याच रात्री धुळ्याच्या किंवा जळगावच्या मेडिकल कॉलेजात, नाहीतर जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथे न्या, टाटाची फाइल दाखवा आणि केमो चालू आहे हे दारातच सांगा.