बेडक्याची डबी आणि वजनकाटा

(दृश्य: पहाट. गोवंडी. सात मजली इमारतींमधली चिंचोळी गल्ली, वर आभाळाची एक पट्टी.)

नटवर पारेख कंपाऊंड. दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. समोरच्या खिडकीतून मीठ-मिरची मागून घेता येईल, पण ऊन मागता येत नाही. तळमजल्यावर भर दुपारीही ट्यूबलाइट लागते. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी इथली आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमधली घरं पाहिली. खालचा मजला, कोंदट हवा आणि टीबी यांचं साटंलोटं तेव्हा कागदावर आलं. रहिवाशांना ते आधीच ठाऊक होतं म्हणा.

(दृश्य: प्लास्टिकची छोटी डबी. झाकणावर चिकटपट्टी, तीवर पेनाने लिहिलेलं नाव.)

ही डबी देताना आरोग्यसेविका दर वेळी तेच सांगते. “सकाळी उठल्या उठल्या चूळ भरा, मोकळ्यावर जा. खोल श्वास घ्या, दोन-तीनदा, आणि मग छातीतून खोकून काढा. थुंकी नको मावशी, बेडका पाहिजे.” नुसती लाळ आली तर तपासणारा त्यात काय डोंबल शोधणार?

रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ मुख्य भिस्त सूक्ष्मदर्शकावरच होती. पण बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू असले, तरच तो काचेवर सापडायचा. कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवायला ठेवले, की दोन ते सहा आठवडे वाट बघायची, आणि तोवर घरात खोकला चालूच.

आता गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट हे तपासणी यंत्र आहे. टेबलाच्या कोपऱ्यात मावतं, बॅटरीवर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. जंतूचा डीएनए आहे की नाही, हे ते तासाभरात सांगतं. आणखी तासाभरात कळतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालणार की नाही.

नाही चालणार, असं उत्तर आलं तर? पूर्वी त्यावर महिनोन् महिने इंजेक्शनं असायची, आणि त्यात काहींचे कान जायचे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशीच गेली. बेडाक्विलिन या अशा हट्टी टीबीवरच्या गोळीचं पेटंट लांबवायला विरोध करणाऱ्यांत त्या होत्या. मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने चार औषधांचा, सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार मंजूर केला.

(दृश्य: डाळ-तांदळाच्या पिशव्या.)

आमच्या मते यातलं सगळ्यात मोठं संशोधन मात्र यंत्राचं नाही, शिध्याचं आहे. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना दर महिन्याला धान्य दिलं गेलं: तांदूळ, डाळ, रुग्णाला दूधपावडर आणि तेलही. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरच्यांमध्ये नवा टीबी जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी. पहिल्या दोन महिन्यांत रुग्णाचं वजन पाच टक्के वाढलं, तर मृत्यूचा धोका साठेक टक्क्यांनी खाली. चाळीस किलोच्या बाईचे पाच टक्के म्हणजे दोन किलो.

टीबीच्या रुग्णांना सरकारच्या निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. दिवसाला तेहेतीस. जेमतेम दोन वडापाव.

(दृश्य: गच्चीवरून ट्रॉम्बेची टेकडी.)

आणि याच गोवंडीच्या पलीकडे, भाभा अणुसंशोधन केंद्रात, किरणांचा मारा केलेल्या शेंगदाण्यांच्या पिढ्यांमधून निवडून-निवडून नवे वाण काढले गेले. टॅग-२४ हा त्यातलाच, १९९१ चा. इंग्रजी नावातला (TAG) ‘ए’ अकोल्याचा, तिथल्या कृषी विद्यापीठाचा. झाड बुटकं, लवकर काढणीला येणारं. झारखंडच्या शिध्यात शेंगदाणे नव्हते. ही जोड आमची. पण शंभर ग्रॅममध्ये पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं, आणि शिजवायला गॅस लागत नाही.

(दृश्य: पालिकेचा दवाखाना. वजनकाटा.)

मावशी चप्पल काढतात. पिशवी खाली ठेवतात, पदर खोचतात, काट्यावर चढतात. आरोग्यसेविका वाकून बघते.

“हलू नका हो मावशी.”