भांडलेल्या माणसांची नावे

श्रोतेहो, नमस्कार. श्रद्धा, कुटुंब आणि मंडळी या विषयावर बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. विषय एवढा ऐसपैस आहे की त्यावर वर्षभर दर रविवारी उपदेश केला तरी तो संपायचा नाही, म्हणून मी आज त्यातला एकच प्रश्न घेणार आहे. एकाच घरातली किंवा एकाच मंडळीतली, म्हणजे एकाच चर्चमधली, दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात, तेव्हा त्यांच्या नावांचे आपण काय करतो? त्यांची नावे आपण घेतो, की घेण्याचे टाळतो?

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, प्रेषित पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र आहे. चार अध्यायांचे आणि अवघ्या 104 वचनांचे हे पत्र पौलाने कैदेतून लिहिले, तरी आनंदाचे पत्र म्हणूनच ते ओळखले जाते. मासेदोनियातील फिलिप्पै या नगरात जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेच्या घरापासून ती मंडळी सुरू झाली. लुदियेचा बाप्तिस्मा झाला तो तिच्या सगळ्या घराण्यासह, आणि पुढे तिथल्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा झाला तोही त्याच्या सगळ्या माणसांसह. म्हणजे घर आणि मंडळी यांच्यामध्ये तेव्हा भिंतच नव्हती. अशा त्या मंडळीला लिहिताना चौथ्या अध्यायात पौल एकदम दोन बायकांची नावे घेतो. युवदीयेला मी विनंती करतो आणि सुंतुखेला मी विनंती करतो, की तुम्ही प्रभूमध्ये एकचित्त व्हा.

ही पत्रे सगळ्या मंडळीपुढे मोठ्याने वाचली जात असत. तेव्हा कल्पना करा, की त्या दोघी तिथेच, बहुधा एकमेकींपासून लांब बसलेल्या आहेत, पत्र वाचले जात आहे आणि अचानक आपापले नाव त्यांच्या कानी पडते. भांडण कशावरून झाले, चूक कोणाची, यातले काहीही पौल सांगत नाही. विनंती मात्र तो दोघींना वेगवेगळी करतो, म्हणजे तिला आधी सांगितले आणि मला नंतर, एवढीच काय ती तक्रार करायला जागा उरते. आणि लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की या दोघींनी सुवार्तेच्या कामी माझ्याबरोबर श्रम केले आहेत, आणि माझ्या सहकाऱ्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत. जीवनाचे पुस्तक म्हणजे तारण पावलेल्यांच्या नावांची देवाजवळची नोंद. हे ध्यानात घ्या. भांडण अजून मिटलेले नाही आणि नावे पुस्तकातच आहेत. पुन्हा सांगतो, भांडण मिटलेले नाही, तरी नावे पुस्तकातच आहेत.

आता एक हकिकत सांगतो. ती मी अनेकदा सांगितलेली आहे आणि आमच्या घरच्यांना ती तोंडपाठ आहे, त्यामुळे त्यांनी आज रेडिओ बंद केला असल्यास माझी हरकत नाही. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावगाव मुद्दाम सांगत नाही.

पाळक म्हणून माझी नेमणूक ज्या मंडळीत झाली होती, तिच्यात दोन सख्खे भाऊ होते. दोघेही नेमाने उपासनेला येणारे, दोघेही हात सैल सोडून दानार्पण करणारे. थोरला डावीकडे पुढच्या बाकाच्या टोकाला बसायचा आणि धाकटा उजवीकडे मागे, आणि कित्येक वर्षांत त्यांच्यात एक शब्दही झालेला नव्हता. वडिलांच्या पश्चात घर आणि पैसा यांची वाटणी बिनतक्रार झाली होती. वाद झाला तो घराण्याच्या पवित्र शास्त्रावरून. चामड्याच्या बांधणीचे ते जाडजूड पुस्तक आजोबांच्या वेळचे होते. जुना करार संपून नवा सुरू होण्यापूर्वी अशा पुस्तकांत काही कोरी, आखलेली पाने असतात, जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू लिहिण्यासाठी. त्या पानांवर आजोबांच्या वळणदार अक्षरापासून सगळे घराणे उतरलेले होते. थोरल्याचे म्हणणे असे, की मी वडीलधारा, तेव्हा पुस्तक माझ्याकडे राहिले पाहिजे. धाकट्याचे म्हणणे असे, की शेवटच्या आजारात वडिलांना रोज त्यातून वाचून मी दाखवत होतो आणि त्यांनी तोंडी ते मला दिले होते. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि तंटा मिटवायला बसणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी अडचण नसते. पुस्तक थोरल्याकडे राहिले आणि बोलणे थांबले. जावाजावांचे बोलणे तेवढे चालू होते, पण चोरून.

धाकटा मंडळीच्या पंचांपैकी एक होता. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी पंच तबके घेऊन बाकांमधून फिरत असत, आणि धाकट्याकडे नेहमी उजवी बाजू असे. ही व्यवस्था माझ्या आधीपासूनची होती. ती तशी का, हे कोणी कधी बोलून दाखवले नव्हते आणि सगळ्यांना ठाऊक होते. एका रविवारी डावीकडचे पंच आजारी पडले. दुसरे कोणी हजर नव्हते, म्हणून मी वेदीपासून धाकट्याच्या हाती डाव्या बाजूचे तबक दिले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तबक घेतले.

त्या तबकात काचेचे छोटे प्याले असतात, खाचांमध्ये एकेक बसवलेले. हात स्थिर असला तर त्यांचा आवाज होत नाही. त्या दिवशी पुढच्या बाकापाशी पोहोचेपर्यंत ते किणकिणत होते, आणि सगळ्या मंडळीला ते ऐकू येत होते. बाकाच्या टोकाला थोरला बसलेला. धाकट्याने तबक पुढे केले. थोरल्याने दोन्ही हातांनी ते घेतले, क्षणभर मांडीवर धरले आणि प्याला न उचलता शेजारच्याकडे सरकवले.

लोकांना वाटले, भावाच्या हातचे घ्यायचे नाही म्हणून त्याने नाकारले. मलाही दुसरे काही सुचले नाही. संध्याकाळी थोरला माझ्याकडे आला. कापडात गुंडाळलेले ते पुस्तक त्याच्या काखेत होते. तो म्हणाला, “पाळकसाहेब, आज मी प्याला घेतला नाही. वेदीजवळ दान आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले आहे. प्याले वाजत होते ना, तेव्हा मला ते वचन आठवले. त्याच्या नातीचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी आहे. तिचे नाव यात लिहायला हवे. तुम्ही हे त्याच्याकडे नेऊन द्या.”

मी म्हणालो, “मी सोबत येतो. पुस्तक तुम्ही घ्या.”

तो बराच वेळ उभा राहिला आणि मग निघाला. दार धाकट्याने उघडले. मला पाहून तो या म्हणाला, आणि मग माझ्या मागे कोण उभे आहे हे त्याला दिसले. कोणी काही बोलले नाही. थोरल्याने पुस्तक मेजावर ठेवले, कापड सोडले, मधली पाने उघडली आणि पुस्तक त्याच्याकडे फिरवले. धाकट्याने चष्मा लावला आणि ओळींवरून बोट फिरवू लागला. आजोबांचे अक्षर संपले, वडिलांचे संपले, आणि पुढे थोरल्याच्या अक्षरात धाकट्याचे सगळे कुटुंब लिहिलेले होते. भावाभावांत शब्द नव्हता त्या वर्षांत धाकट्याला झालेली मुले, त्यांचे जन्म, त्यांचे बाप्तिस्मे, आणि ज्या लग्नाचे थोरल्याला आमंत्रणही नव्हते त्या लग्नाची तारीख. एकही नाव सुटलेले नव्हते. तारखा कुठून मिळाल्या, याचा उलगडा दारात उभ्या असलेल्या धाकट्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून होत होता. जावाजावांचे चोरून चाललेले बोलणे असे कामी आले होते.

धाकट्याचे बोट एका ओळीवर थांबले. आता हा रडेल, अशी माझी समजूत झाली. तो म्हणाला, “हे चुकले आहे.”

“काय चुकले आहे?”

“धाकटीचा बाप्तिस्मा पेंटेकॉस्टच्या सणाच्या रविवारी नव्हता. आदल्या रविवारी होता.”

“पेंटेकॉस्टलाच होता. मी मागच्या बाकावर बसलो होतो.”

धाकट्याने चष्मा काढला. “तू आला होतास?”

“आलो होतो, आणि म्हणूनच सांगतो, पेंटेकॉस्टला होता.”

त्यानंतर त्या दोघांनी जो वाद घातला, तो साठून राहिलेल्या सगळ्या वर्षांच्या वाट्याचा होता. शेवटी मंडळीची नोंदवही पाहण्याचे ठरले. मंदिरातल्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून मी मध्ये आणि ते दोघे दोन्ही बाजूंनी, अशी आमची वरात रात्री मंदिरात गेली. नोंदवहीत पेंटेकॉस्टचाच रविवार निघाला. धाकट्याने नोंद दोनदा वाचली आणि तो म्हणाला, “मग दादा, ही नोंदवहीसुद्धा चुकली असली पाहिजे.” दादा हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आहे, हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आले नाही. थोरल्याच्या आले, कारण तो हसायचा थांबला.

नातीचे नाव धाकट्याने आपल्या हाताने लिहिले. पुस्तक कोणाचे, हा प्रश्न मात्र कधीच सुटला नाही. ज्या घरात नाव लिहायचे असेल त्या घरी ते नेतात, आणि पुढचे नाव येईपर्यंत ते तिथेच राहते.

अशी नोंद ठेवण्याची शिस्त मंडळीला जुन्या काळापासून आहे. इंग्लंडमध्ये 1538 साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे गावोगावच्या मंडळीने, बाप्तिस्मे, विवाह आणि दफने दर रविवारी वहीत उतरवावीत आणि ती वही दोन कुलुपांच्या पेटीत ठेवावी, एक किल्ली पाळकाकडे आणि दुसरी मंडळीच्या कारभाऱ्यांकडे. रोमन कॅथलिक मंडळीत 1563 साली ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी बंधनकारक केल्या. दोन कुलुपांची कल्पना मला फार आवडते. एकट्या पाळकाला वही उघडता येत नाही आणि एकट्या पंचांनाही येत नाही. मंडळीच्या हिशेबाच्या वह्यांनाही हाच नियम लावला, तर वार्षिक सभा बरीच लवकर आटोपेल. पण ते असो.

नावांच्या याद्या वाचायचा आपल्याला कंटाळा येतो. मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते तेच वंशावळीने, चौदा चौदा पिढ्यांचे तीन भाग, आणि शास्त्रपाठ करणारे बहुतेक जण ते पान उलटून सरळ येशूच्या जन्मापाशी येतात. माझ्या मते हे वाचन गाळू नये, उच्चार अडखळले तरी चालतील. त्या यादीत मरियेखेरीज तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको अशा चार स्त्रिया आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीच्या कहाणीत असे काहीतरी आहे की एखाद्या प्रतिष्ठित घराण्याने ते नाव हळूच वगळले असते. मत्तयाने वगळले नाही.

खुद्द पौलाचेही भांडण झाले होते. सुवार्तेच्या प्रवासातला त्याचा सोबती बर्णबा याला पुढच्या प्रवासात मार्कालाही बरोबर न्यायचे होते, आणि पूर्वी पंफुल्यात आपल्याला सोडून गेलेला माणूस पौलाला नको होता. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. मार्क हा बर्णबाचा भाऊबंद होता, हे कलस्सैकरांस पत्रावरून कळते, म्हणजे मंडळीच्या भांडणात घरचे नाते मिसळलेले होते, आणि ते पुष्कळदा तसेच असते. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तोच पौल सांगतो, की मार्काला बरोबर घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या काळात काय घडले, कोणी कोणाची क्षमा मागितली, याविषयी एक ओळही नाही. नाव तेवढे परत आले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण आम्हा पाळकांच्या तोंडी समेट हा शब्द फार सहज येतो. घरात मारहाण होत असेल, बाईमाणसाला किंवा मुलाला भीतीने जगावे लागत असेल, तर तिथे बाक बदलून बसण्याचा प्रश्न नसतो, जीव वाचवण्याचा असतो. अशा स्त्रीला क्षमेचे वचन ऐकवून परत त्याच दारात सोडून येणाऱ्या पाळकाला मी पाळक समजत नाही. नाव प्रार्थनेत घेता येते. त्यासाठी त्या घरात राहावे लागत नाही.

बाकीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या भांडणांसाठी, मी कुटुंबांना एक लहानसे काम सांगत असतो. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आपण सगळ्यांची नावे घेतो, आजाऱ्यांची, परीक्षेला बसलेल्या मुलांची, प्रवासाला गेलेल्यांची. त्यात ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याचेही नाव घ्यावे. नुसते नाव. त्याला सुबुद्धी दे, त्याची घमेंड उतरव, असे पुढे काही जोडू नये. प्रार्थनेतून टोमणे मारण्याची कला आपल्या लोकांना चांगली अवगत आहे. डोळे मिटून, हात जोडून, शेजारी बसलेल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने केलेल्या प्रार्थना मी पुष्कळ ऐकल्या आहेत, आणि त्या नेमक्या कोणाला उद्देशून होत्या याबद्दल देवाच्या मनात काही संशय राहिला असेल, असे मला वाटत नाही. म्हणून नाव घ्यावे आणि पुढच्या नावाकडे वळावे. पहिल्या रात्री ते घशात अडकते, मुले डोळे उघडून पाहतात, आणि एखादे विचारते, की काकांचे नाव आज कसे काय घेतले. त्या मुलाला काय उत्तर द्यायचे, ते आईवडिलांनी आधी आपसात ठरवून ठेवावे. नमस्कार.