तोफांचे झाले तारे

[दृश्य: तळहातावर ठेवलेलं एक जुनं पदक]

हा तारा बघा. सहा टोकं, रुंदी जेमतेम साडेचार सेंटिमीटर. मधोमध चांदीचा आणखी एक इवलासा तारा आणि तारीख, २९ डिसेंबर १८४३. मागे शिपायाचं नाव, पलटण. लढाई जिंकल्यावर पदकं वाटतात, त्यात नवल ते काय? नवल धातूत आहे. शिंद्यांच्या पाडाव झालेल्या तोफा वितळवून ईस्ट इंडिया कंपनीनं कलकत्त्याच्या टांकसाळीत हे तारे घडवले. नावच 'ग्वाल्हेर स्टार'.

[दृश्य: बाड्यावरची संध्याकाळ, टेम्पो, गर्दी]

ग्वाल्हेरच्या बाड्याच्या चौकात उभं राहून आपण 'लष्कर' हे या वस्तीचं नाव दिवसातून दहादा उच्चारतो. ती दौलतराव शिंद्यांची छावणी होती, तंबूंच्या जागी वाडे आले, हे मात्र डोक्यात येत नाही. पानिपत आपल्याला तोंडपाठ. आणि पनिहार? शिवपुरी रस्त्यावरचं एक गाव, बस.

फेब्रुवारी १८४३. जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. मागे राहिल्या ताराबाई, वय १३ च्या आसपास. दत्तक घेतलेले जयाजीराव त्यांच्याहूनही लहान. कारभार मामासाहेबांनी बघायचा की दादा खासगीवाल्यांनी, यावरून दरबारात ओढाताण लागली. गव्हर्नर जनरल एलेनबरोला धास्ती वेगळीच होती: पंजाबात शिखांची फौज उभी, आणि पाठीशी ग्वाल्हेरची. दरबारातली भांडणं त्याच्या पथ्यावर पडली. कंपनीच्या दोन फौजा निघाल्या, एक आग्र्याकडून, दुसरी बुंदेलखंडातून.

[दृश्य: सकाळचं धुकं, मोकळं रान]

आग्र्याकडच्या फौजेचा सेनापती ह्यू गफ. मराठे चौंद्याला आहेत अशी त्याची खात्री. पण मराठे पुढे सरकून महाराजपूर गावात तोफा रोवून बसले होते. गफच्या फौजेबरोबर हत्तींवर बसून बायकाही आलेल्या, खुद्द त्याची बायको आणि मुलगी त्यात. जत्रेला निघावं तशी ही स्वारी, आणि समोरून अचानक तोफगोळे! हत्तींवरच्या चौघींना पुढे सोन्याचे खास तारे मिळाले. चौघींपैकी एक मूळची स्पेनची, हुआना स्मिथ. दक्षिण आफ्रिकेतलं लेडीस्मिथ शहर आहे ना, ते हिच्याच नावाचं.

सोन्याचे तारे राहू द्या. मला थांबावंसं वाटतं ते तोफांपाशी. गोलंदाज तोफा सोडून हटलेच नाहीत. संगिनी अंगावर आल्या तरी जागेवर राहिले, आणि तिथेच पडले. कंपनीची जवळजवळ ८०० माणसं मेली किंवा जखमी झाली. शत्रूच्या शौर्याचा अंदाज आपल्याला आला नव्हता, हे गफनं स्वतः आपल्या खलित्यात कबूल केलंय. ५६ तोफा त्याच्या हाती लागल्या.

आणि त्याच दिवशी, ग्वाल्हेरच्या दुसऱ्या अंगाला, पनिहारला दुसरी लढाई झाली. तिथे सेनापती ग्रे. निकाल तोच, तोफा पुन्हा गेल्या. एका दिवसात राज्याचा कणा मोडला. म्हणून काही ताऱ्यांवर महाराजपूर कोरलंय, काहींवर पनिहार. आणि हे तारे फक्त गोऱ्यांच्या छातीवर गेले असं समजू नका. कंपनीच्या पलटणींत देशी शिपाई ढिगानं होते, त्यांनाही तेच मिळाले.

[दृश्य: ग्वाल्हेरचा किल्ला, खालून]

जानेवारी १८४४ च्या तहात शिंद्यांची फौज ९,००० वर आणली. उलट गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालची 'ग्वाल्हेर कंटिंजंट' १०,००० पर्यंत वाढवली, खर्च अर्थात संस्थानाच्या माथी. गंमत पुढे आहे. १८५७ साली हीच कंटिंजंट उठली, तात्या टोप्यांना जाऊन मिळाली आणि कानपुरात कंपनीच्या तोंडाला फेस आणला. ज्या फौजेचा भरवसा धरला, तीच उलटली.

[दृश्य: कलकत्ता, हुगळीचा काठ, घुमट असलेली छोटी वास्तू]

सगळ्याच तोफांचे काही तारे झाले नाहीत. हुगळीकाठी १८४७ साली एलेनबरोच्या पुढाकारानं या लढायांचं स्मारक उभं राहिलं. त्याच्या डोक्यावरचा घुमटही याच तोफांच्या धातूचा. नाव 'ग्वाल्हेर मॉन्युमेंट'. आकारावरून तिथले लोक त्याला 'पेपर पॉट' म्हणू लागले. मिरपुडीची डबी.